घरगुती विपरीत

जत्रेच्या सिनेमाचं नाव पुकारताना चुकलं तरी चालतं, प्रकार चुकून चालत नाही, हे वळ नावाच्या गावात कोंडूइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. धार्मिक म्हटलं की बायका नारळ घेऊन येत. भुताचा म्हटलं की पोटुशी सून घरी राही. मागच्या वर्षी कोंडूने रिक्षात माईक लावून एक सिनेमा ‘सहकुटुंब पाहावा’ म्हणून पुकारला. कुटुंबं आली. नायिकेने दुसऱ्यांदा आंघोळ केली तेव्हा आधी सासरे उठले, मग सासवा उठल्या. एक जावई मात्र शेवटपर्यंत बसले, आणि त्यावरून दोन घरांत अजून बोलणं नव्हतं.

“आता परत चुकलास,” जत्रा कमिटीचे अध्यक्ष केसरीनाथशेठ म्हणाले होते, “तर माईक विकीला.”

विकी कोंडूचा पुतण्या. काकाच्या माईककडे तो इतक्या मायेने बघायचा की कोंडू माईक उशाला घेऊन झोपे.

त्यात यंदाचा सिनेमा विनिताचा. गावचीच कॉलेजात जाणारी पोरगी. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा भाड्याने आणून तिने तो काढला होता. कोंडूने आधी तिच्या घरी टीव्हीवर पाहिला. एका घरातली स्वयंपाकघराची भिंत रोज वीतभर पुढे सरकते. घरचे लोक भाकऱ्या खातात, फणी शोधतात, पॉवरलूमच्या शिफ्टला जातात, आणि जाण्यापूर्वी सामान वीतभर अलीकडे घेतात. शेवटी सगळे अंगणात जेवायला बसतात. आई वाढता वाढता म्हणते, “हवा बरी येते.” संपलं.

“भिंतीत भूत हाय?” कोंडूने विचारलं.

“नाय, काका.”

“देवाचा कोप?”

“नाय.”

“मंग सरकवतं कोन?”

“कुणीच नाय. सरकते.”

“इनोदी म्हनू?”

“त्यात कुणी हसतच नाय.”

“अगं पोरी, मानसाला घरून निघतानाच ठरवाया लागतं, हसाला चाललो का रडाला!”

“ते तिथे आल्यावर ठरवू देत की.”

कोंडूने कानाला हात लावला. मागच्या वर्षी लोकांनी आल्यावरच ठरवलं होतं.

पडद्याचं कापड आणायला तो निजामपुऱ्याच्या बाजारात गेला. वाटेत त्याने बरेच प्रकार पुटपुटून पाहिले. सामाजिक म्हटलं तर कुणी येणार नाही. पौराणिक म्हटलं तर भिंतीची पूजा होईल. कापड मोजून घेताना एकदम सुचलं. घर तर घरासारखंच होतं, फक्त भिंत विपरीत होती. घरगुती म्हटल्यावर सासू येईल, विपरीत म्हटल्यावर सून येईल.

“प्रकार नवीन! घरगुती विपरीत!” रिक्षा गावभर फिरली.

“कशावर लावाचं ह्ये मलम?” एका दारातून गुणाबाईने विचारलं.

“डोळ्यांना, मावशी! संध्याकाळी, देवळामागं!”

सगळं गाव लोटलं. भिंत पहिल्यांदा सरकली तेव्हा कोंडू पडद्याकडे नाही, लोकांकडे बघत होता. कुणी दचकलं नाही, हसलं नाही. दुसऱ्यांदा सरकली तशी सीताबाई ओरडली, “अगं ए, पाटा उचल आधी!” मग पुरुषही सल्ले देऊ लागले. कुणी म्हणालं मोजणी आणा, कुणी म्हणालं कोर्टाचा स्टे आणा.

सिनेमा संपला. सीताबाई उठून थेट कोंडूपुढे आली.

“फसवलंस, कोंडू. घरगुती बोल्लास ते खरं. पन इपरीत काय व्हतं त्याच्यात? आमच्या वांग्याच्या वाडीत शेठच्या गोडाऊनची भिंत तीन वरसं येतेय. आमीबी वांगी हलवतोच हाव.”

लोक केसरीनाथशेठांकडे बघू लागले. विकी माईककडे. शेठ मात्र प्रसन्न होते.

“विनिता, शाबास!” ते म्हणाले. “मी पहिल्यापासून काय सांगतोय? भिंत आपोआप सरकते! कुणी हात लावत नाय! ही सत्यकथा आहे. कोंडू, उद्या पुन्हा दाखवायचा, सगळ्या गावाला. मोजणीवाल्या साहेबांनाही बोलव. आणि पुकारताना सत्यकथा म्हणायचं. माईक तुझ्याकडेच.”

कोंडूने माईक हातात घेतला. सत्यकथा म्हटलं की माईक राहणार होता आणि सीताबाईची वांगी जाणार होती. त्याने माईकवर टिचकी मारली. ती सगळ्यांना ऐकू गेली.

“उद्या पुन्हा,” तो म्हणाला. “प्रकार तोच. घरगुती विपरीत.”

“मी काय सांगितलं?”

“शेठ, सत्यकथा म्हनाला भिंतीची साक्ष लागंल. ती तर बोलत न्हाय.”

“दे तो माईक विकीला!”

विकीने हात पुढे केलाच होता. पण सीताबाई चटई गुंडाळू लागली. “कोंडू बोंबलनार नसंल तर आमी येत न्हाय.” गुणाबाईनेही चटई उचलली. मग सगळ्या बायकांनी. बायका नसतील तर मुलं नाहीत, मुलं नसतील तर पुरुषांना घरी बसावं लागणार. साहेबांना काय रिकामं मैदान दाखवायचं?

शेठनी विकीचा हात खाली केला.

“बरं, तूच पुकार,” ते शेवटी कोंडूच्या कानाशी म्हणाले. “पण विपरीत जरा हळू म्हण.”

“असं?” म्हणत कोंडूने हळू म्हणून दाखवलं.

माईक चालूच होता.