सावलीशी भांडलेला सोलर पॅनल

मित्रांनो, मला भेटायचं असेल तर कोलकात्याजवळच्या बजबजच्या पुढे, भातशेतांच्या कडेला असलेल्या एका गोठ्याच्या छपरावर नजर टाका. तिथे निळसर काचेचा, कोपऱ्यात थोडा पिवळा पडलेला जो दिसतो, तो मी. मी एक जुना सोलर पॅनल आहे. माझ्याखाली गाई रवंथ करतात, म्हणून मला कमी समजू नका. या पाड्यात माझ्याइतका मान कुणालाच नाही, आणि तो कसा मिळाला ते मी तोऱ्यातच सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. खाली पांढरा कागद, वर काच आणि भोवती ॲल्युमिनियमची चौकट, असं माझं रूप. आम्ही चौघं भाऊ पेंढ्यात गुंडाळून ट्रकमधून इथे आलो आणि थेट शरच्चंद्रकाकांच्या गच्चीवर चढलो. काका बजबजच्या तेल डेपोत अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर सगळे म्हणाले, आता पुण्याला जा. काका म्हणाले, "पुण्यात मला ओळखतं कोण?" आणि त्यांनी इथेच घर बांधलं.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. लाईट गेली की सगळा पाडा अंधारात, आणि आमच्या घरात पंखा फिरतोय. फौजेतल्या बदलीने कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला आलेला भाचा आला, तर काका त्याला चहाच्या आधी गच्चीवर नेत. रोज सकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसत. मी इतका चमकत असे की मालतीकाकू माझ्यात बघून केस नीट करायच्या.

पण शेजारी निमाईबाबूंचं शिरीषाचं झाड होतं. दर पावसाळ्यात त्याची एक फांदी आमच्या गच्चीकडे आणखी थोडी सरकायची. मी भावांमध्ये कडेचा, म्हणून सावली पहिली माझ्यावर पडली. आमचं एक दुखणं असतं. चौघांच्या तारा एकीला एक जोडलेल्या, त्यामुळे एकावर सावली आली की चौघांचीही ताकद जाते. त्यात पावसाळ्यात त्या फांदीवर मोठाले करकोचे घरटी बांधत. इथे त्यांना शामुकखोल म्हणतात. ते शेतातल्या गोगलगायी खातात आणि पोट भरलं की माझ्यावर पांढरे सडे घालतात. मला त्यांचा मनस्वी राग यायचा, हे मी लपवत नाही.

एका श्रावणात काकांचाही धीर सुटला. ते कुंपणाशी जाऊन म्हणाले, "निमाईबाबू, तेवढी एक फांदी तोडा."

निमाईबाबू म्हणाले, "दादा, फांदीवर पिल्लं आहेत. दुर्गापूजा होऊन जाऊ द्या, पिल्लं उडाली की बघू."

"तोवर मी अंधारात बसू?"

"आम्ही बसतोच ना."

झालं. बोलणं बंद. कुंपणावरून काकूंच्या पुरणपोळ्या जायच्या आणि त्याच डब्यातून नारळाचे लाडू यायचे, तो डबा आमच्या स्वयंपाकघरात पालथा पडून राहिला. काकूंनी सुचवलं, "त्यांच्या गोठ्यावर दिवसभर ऊन असतं. पॅनल तिथे बसवू, त्यांनाही वीज देऊ." काका उखडले. "माझे पॅनल दुसऱ्याच्या छपरावर? त्यापेक्षा भंगारात देईन. रविवारी माणूस बोलावतो. फांदी तोडेल, नाहीतर हे चौघं घेऊन जाईल." मित्रांनो, भंगार हा शब्द ऐकून माझी काच गार पडली.

शनिवारी पावसाने उघडीप दिली. लाईट गेलेली होती आणि ऊन असं कडक की मी तव्यासारखा तापलो होतो. तेवढ्यात वरून काहीतरी धप्पकन माझ्यावर पडलं. करकोच्याचं पिल्लू होतं. ते घसरत माझ्या खालच्या कडेला आलं आणि चौकटीला पाय अडकवून, चोच उघडी टाकून धापा टाकू लागलं. ज्यांचा मला राग यायचा त्यांचंच ते बाळ माझ्या काचेवर भाजत होतं, आणि मला स्वतःला थंड करता येत नव्हतं. इतकं असहाय मला कधी वाटलं नाही.

काका फडकं घेऊन वर आले आणि पिल्लू बघून थबकले. हात पुढे केला तर ते जास्तच कडेला सरकायला लागलं. मग त्यांनी गच्चीच्या दारामागची काळी छत्री आणली, उघडली आणि माझ्यावर धरली.

खालून काकूंनी विचारलं, "अहो, पंखा का बंद पडला? फांदीची सावली आली का?"

काका म्हणाले, "फांदीची नाही. मीच धरलीय."

काकू वर आल्या, बघितलं, आणि धावत कुंपणाशी जाऊन त्यांनी निमाईबाबूंना हाक मारली. निमाईबाबू जेवणावरून उठून बांबूची शिडी घेऊन आले. गच्चीत त्यांना दिसलं ते असं : सावलीवरून भांडणारा माणूस घामाने निथळत, स्वतःच्याच पॅनलवर सावली धरून उभा. निमाईबाबूंनी गमछ्यात पिल्लू हलकेच गुंडाळलं, शिडी चढून घरट्यात ठेवलं आणि खाली आले.

"दादा," ते म्हणाले, "बौदी म्हणत होत्या, गोठ्याचं छप्पर..." काकूंना ते बौदी, म्हणजे वहिनी म्हणत.

"छपराखालच्या लाकडी कैचीला जरा आधार द्यावा लागेल," काका म्हणाले. "आमचे पॅनल वजनदार आहेत."

रविवारी माणूस आला. त्याने फांदी तोडली नाही की आम्हाला भंगारातही नेलं नाही. त्याने आम्हाला गोठ्यावर बसवलं. त्या छपरावर सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन! मी जन्मात इतकी वीज केली नव्हती. दोन घरांचे दिवे, गोठ्यातला पंखा, सगळं आमच्यावर चालू लागलं. पूजेनंतर वादळ आलं, खांब आडवे झाले, तेव्हा सगळा पाडा फोन चार्ज करायला आमच्याखाली रांगेत उभा होता आणि काका निमाईबाबूंच्या खाटेवर बसून रांग लावत होते.

त्या वर्षी पिल्लं उडाली. त्यातलं आमचं कुठलं, ते मला ओळखू आलं नाही. पण थव्यातलं एक वळून गोठ्यावरून गेलं आणि जाता जाता माझ्यावर भलामोठा पांढरा ठिपका टाकून गेलं. काका फडकं घेऊन धावले, आणि थांबले. "राहू दे आजच्या दिवस," म्हणाले.

मित्रांनो, मला पुसत राहा, तारा तपासत राहा, मी अजून खूप वर्षं उजेड देईन. पण कधी माझ्यावर झाडाची सावली आली, तर कुऱ्हाड शोधण्याआधी फांदीवर कोण राहतं ते बघा, आणि शेजाऱ्याला हाक मारा. तो पांढरा ठिपका पुढच्या पावसाने धुतला. माझ्या अंगावर मिरवावा असा तो एकच दागिना होता.