ओवीला चालणारी मांजर

मी मांजर बोलतेय. दचकू नका. म्यांव तर तुम्ही रोजच ऐकता, आज जरा बोलणंही ऐका. माझं नाव रजई, जात सायबेरियन. अंगावर एवढी लोकर, की उन्हाळ्यात मला नुसतं बघून लोकांना घाम फुटतो. "हे बर्फातलं जनावर आदिलाबादेत कसं आलं?" असं जो तो विचारतो. मलाही तोच प्रश्न पडतो. पण मला कुठे कोणी विचारून आणलं? खरं तर त्या घरात आणखीही एकीला विचारायचं राहून गेलं, आणि त्यातूनच हे सगळं झालं.

मराठी मी त्या घरातल्या विनोदिनीआजीकडून शिकले. तेव्हा मध्येच "काऊन" आलं तर हसू नका.

जन्म माझा हैदराबादचा, मांजरं पाळून विकणाऱ्या एका माणसाच्या फ्लॅटमधला. गिऱ्हाईक आलं की आम्हा भावंडांना ओळीनं बसवायचे. अगदी मुलगी दाखवतात तसं. कोणी डोळे बघायचं, कोणी शेपूट उचलून बघायचं. चहाबिस्किटं मात्र पाहुण्यांना.

इकडे आदिलाबादेत, मावला गावाच्या बाजूच्या एका कॉलनीत, ओवी नावाची चौथीतली पोर मांजर पाहिजे म्हणून हटून बसली होती. आणि नेमकी तिलाच मांजरांची ॲलर्जी. शेजारची मांजरी एकदा मांडीवर घेतली, तर डोळे सुजले आणि छातीतून शिट्टी वाजायला लागली. तरी हट्ट सुटेना. तिचे बाबा भार्गव बँकेत नोकरीला. लेकीसाठी ते रोज जेवण झालं की मोबाईल घेऊन बसायचे आणि मांजरांच्या जाती धुंडाळायचे. ॲलर्जीवाल्या पोरीला चालेल अशी एखादी जात असेलच की, असं त्यांना वाटायचं.

ती सगळी गंमत आजीनं मला नंतर सांगितली. पहिल्यांदा म्हणे बिनकेसाच्या मांजरीचा फोटो आला. आजी म्हणाली, "अगं माय! हे तं सोललेलं कोंबडं दिसून राह्यलं." ओवीचे आजोबा नरसिंगराव तहसील कचेरीतून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा वर करून फोटो बघितला आणि एकच शब्द टाकला, "नामंजूर." मग कुरळ्या केसांची एक आली. तीही नामंजूर. तिसरा फोटो माझ्या जातीचा. या जातीच्या लाळेत ॲलर्जीचा तो पदार्थ कमी असतो, असं भार्गवनं कुठंतरी वाचलं होतं.

डॉक्टरांनी मात्र साफ सांगितलं होतं. "जातीच्या भरवशावर राहू नका. एकाच जातीत एक मांजर चालेल, दुसरी चालणार नाही. आणि अजिबात त्रास न देणारी मांजर जगात नाही. जी घ्यायची तिच्याजवळ मुलीला बसवा, मग ठरवा."

सल्ला चांगला होता. पण डॉक्टर "मुलीला" म्हणाले आणि सगळ्यांनी तेवढंच धरलं.

आधी माझ्या अंथरुणाचा एक तुकडा आदिलाबादला गेला. ओवी तो उशाशी घेऊन झोपली. काही झालं नाही. मग अख्खं घर मला बघायला हैदराबादला आलं. ओवी, भार्गव, ओवीची आई रंजीता, नरसिंगराव आणि चकल्यांची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत आजी. मला ओवीच्या मांडीवर ठेवलं आणि सगळे तिच्या नाकाकडे टक लावून बसले. एका नाकाचा एवढा मान मी कधी पाहिला नाही. पोरीनं नाक खाजवलं तरी सगळ्यांचे श्वास अडकायचे. ती शिंकली नाही.

शिंकली आजी, एकदा नाही, लागोपाठ दोनदा. "धूळ असल हो," असं तिचं तिनंच सांगून टाकलं. तिकडे कोणाची मानसुद्धा वळली नाही.

"मुआयना झाला," नरसिंगराव उठत म्हणाले. "मंजूर!"

अशी मी आदिलाबादला आले. ओवीनं माझ्या केसांत तोंड खुपसायचा प्रयत्न केला, रंजीतानं तिला मागं ओढलं, आणि त्या ओढाओढीतच माझं नाव रजई पडलं. शेजारची तेलुगू पोरं "पिल्लि, पिल्लि", म्हणजे मांजर मांजर, करत खिडकीला चिकटली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पहिल्याच दिवशी भार्गवनं सगळ्यांना बसवून नियम सांगितले. "त्रास नुसत्या केसांचा नसतो. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, तिचा आणि कातडीचा कोंडा घरभर उडतो. म्हणून रजईला रोज ओल्या फडक्यानं पुसायचं. विंचरायचं गॅलरीत. तिचा शी-शूचा मातीचा ट्रे रोज साफ करायचा. चादरी गरम पाण्यात धुवायच्या. ओवीच्या खोलीत तिला सोडायचं नाही, आणि यातलं एकही काम ओवीनं करायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आता करणार कोण? भार्गव बँकेत, रंजीता कॉलेजात शिकवायला, ओवी शाळेत, नरसिंगराव टीव्हीसमोर. आजीनं पदर खोचला. तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही कोणाला विचारलं नाही. त्या घरातली कामं अशीच तिच्याकडे चालत जायची.

म्हणजे बघा, ओवीच्या नाकापर्यंत जे पोचू नये म्हणून एवढा आटापिटा, ते सगळं रोज आजीच्या नाकाखालून जायला लागलं.

सकाळी घर रिकामं झालं की आजी लाकडी फणी घेऊन गॅलरीत बसायची. मी तिच्या मांडीवर पाय ताणून पडायची. ती विंचरायची आणि बोलायची. तामसी गावातल्या माहेराचं, तिथल्या भावाचं, लग्नात हरवलेल्या जोडव्याचं, कशाचंही. "ह्यायले काही सांगाव तं म्हणतात, बातम्या ऐकू दे. तू बरी हायस वं. तुले बातम्या नाई लागत." मी घुरघुरायची. माझ्या जन्मात मला कोणी एवढं लाडानं हाताळलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि आजीचे डोळे लाल व्हायला लागले. मग नाक, मग खोकला. रंजीता म्हणाली, "आई, काऊन इतक्या खोकून राह्यल्या?" आजी म्हणाली, "कापसाचा सीझन हाय न. मार्केट यार्डाकडून सारं उडून येते." कापसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं जातच होते. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

मग भावाच्या नातवाच्या बारशाला आजी तामसीला जाऊन राहिली. तिथं तर ओसरीत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला. परत आली ती टवटवीत होऊन! सांगत होती, "कापसाच्या ढिगाले टेकून झोपली, पण एक ठसका नाई आला." बोलता बोलता तिनं मला उचलून घेतलं. दिवे लागायच्या वेळेला तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. आम्हा दोघींना एकदमच कळलं.

"म्हणजे तूच होय काय वं?" ती हळूच म्हणाली. मग तिनं मला आणखी जवळ ओढलं. "सांगू नको हं कोणाले. पोरीनं किती वाट पाह्यली तुही. आन् मले तरी दिवसभर कोण हाय?"

कोणाले सांगणार होते मी? मला सांगता आलं असतं तर पहिल्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं. आजी मेडिकलमधून गोळ्या आणून हळदीच्या डब्यामागे लपवायला लागली. मी डब्याकडे बघून ओरडायची, तर रंजीता म्हणायची, "हिला भूक लागली वाटतं," आणि वाटीत आणखी खाणं पडायचं. जीव नुसता तडफडायचा माझा.

मग मी ठरवलं, तिच्या जवळच जायचं नाही. कपाटावर जाऊन बसले. आजी खाली उभी राहून म्हणायची, "रागावली काऊन? काय चुकलं माझं?" मग स्टूल घेऊन वर हात घालायची. मी हातावर पंजा मारला. तिनं ओरखड्यावर हळद दाबली आणि हसून म्हणाली, "दांडगी झाली." मग उकडलेलं अंडं कुस्करून आणलं. मी मांजर आहे हो, कोणी साधुसंत नाही. डिसेंबरातली आमच्याकडची थंडी, ती ऊबदार मांडी, ते अंडं. उतरले खाली. बसले मांडीवर. आणि तिचा श्वास ऐकत बसले.

एका दुपारी ती चहाचं आधण ठेवत होती. खोकला आला तो थांबेचना. ओटा धरत धरत ती खाली बसली. ओठ काळेनिळे. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं चालू. तिनं माझ्याकडे हात केला. ये, म्हणून.

मी पळाले. दिवाणखान्यातून, नरसिंगरावांच्या पायांतून, थेट गच्चीच्या जिन्यावर, जेवढं लांब जाता येईल तेवढं. तिच्यासाठी मला करता येण्यासारखं तेवढं एकच होतं.

चहा काऊन आला नाही म्हणून नरसिंगराव आत गेले. पुढं आरडाओरडा, ऑटो, दवाखाना. शेजारीण कोणाला तरी सांगत होती ते मी जिन्यावरून ऐकलं. "एवढी लाडाची मांजर, पण बाई पडली तशी पळाली बघा. मायाच नाही मेलीला."

दवाखान्यातलं मला ओवीनं सांगितलं, दारामागे बसून, रडत रडत. डॉक्टरांनी विचारलं, "घरात मांजर आहे का?" आजी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाली, "नाई." तेव्हा ओवीनं तिच्या शालीवरचा एक लांब केस उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

आजी घरी आली. सगळे जमले, पण फैसला कोणाच्या तोंडून निघेना. नरसिंगरावांच्याही नाही. ते आपल्या हातांकडे बघत होते. शेवटी ओवीच म्हणाली, "माझं नाक सगळ्यांनी पाह्यलं. आजीचं कोणीच नाही पाह्यलं. मीपण नाही."

"मी गोळ्या घेते न," आतून आजीचा बारीक आवाज आला. "राहू द्या तिले."

"नाही विनोदिनी," नरसिंगराव म्हणाले. त्यांना बायकोला नावानं हाक मारताना मी पहिल्यांदा ऐकलं. "ही अर्जी नामंजूर." आणि त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

कॉलनीत भाजी विकायला येणाऱ्या तुळजाबाईंनी मला घेतलं. त्यांचं शेत बेल्याला. त्यांचे मालक बाबाराव मोटरसायकलवर वांग्याच्या कॅरेटमध्ये मला घालून घेऊन गेले. आजी खिडकीच्या काचेमागे होती. खिडकी उघडायची नाही, असं तिला बजावलं होतं.

आता मी बेल्यात असते. उंदीर पुष्कळ, मोकळी हवा, तुळजाबाई जेवू घालतात. तक्रार अशी नाही. बाबारावांनी उन्हाळ्यात कातरीनं माझी लोकर वेडीवाकडी कापली, ती आता परत वाढलीय. फक्त विंचरायला कोणी नाही. गाठी झाल्यात अंगभर.

तुम्ही मांजर आणायला निघाला असाल तर जरूर आणा. कमी त्रासाची जात हुडका, त्या एका मांजरीजवळ चार वेळा बसून बघा. पण बसवायचं कोणाला, ते आधी ठरवा. जी तिला पुसणार, तिची माती काढणार, दिवसभर तिच्यासोबत राहणार, तीही घरात नाक घेऊनच राहते. तिला कोपऱ्यात पिशवी धरून बसवू नका. ती धूळ म्हणाली तरी ऐकू नका.

परवा आजी आली होती, बेल्याच्या बसनं, नरसिंगरावांना सोबत घेऊन. अंगणात लिंबाखालच्या खाटेवर बसली. मी समोर काड्यांच्या ढिगावर. तिनं मला बघितलं आणि तिचं तोंड केवढं फुललं! पिशवीतून तिनं ती लाकडी फणी काढली.

"ये वं रजई. पाह्य बरं, किती गाठी झाल्या तुले." तिनं मांडीवर थोपटलं.

माझे पाय उठले होते. खरंच उठले होते. मी ते खाली दाबले, वळले आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

तिनं पुन्हा हाक मारली. मग आणखी एकदा. मग थांबली.

"विसरली वो मले," ती तुळजाबाईंना म्हणाली.

"मांजरच ते बाई," तुळजाबाई म्हणाल्या. "मनाले लावून घेऊ नका."

बसची वेळ होईपर्यंत ती बसून होती. मी वळून बघितलं नाही, पण कान मागेच होते. हैदराबादला सगळे ओवीच्या नाकाकडे बघत होते ना, तशी मी आजीचा श्वास ऐकत होते.

ती रडली थोडी. पण शिंकली नाही. एकदाही शिंकली नाही.