स्वारगेटपर्यंत एकेक स्टॉप

तेजसच्या कंपनीने सवयी लावणारा एक तज्ज्ञ बोलावला. रोज थोडंथोडं सुधारा, एकवीस दिवसांत माणूस बदलतो, असं तो सांगून गेला. तेजसला स्वतः बदलायला सवड नव्हती. प्रोजेक्टचं रिलीज तोंडावर होतं. म्हणून त्याने आईला बदलायला घेतलं.

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर तक्ता लागला. कोमट पाणी, अर्धा तास चालणं, पाच मिनिटं सकारात्मक विचार, प्रत्येकापुढे चौकोन. रविवारी तेजस खुणा तपासायचा आणि रिकाम्या चौकोनांबद्दल इंदुबाईंना प्रेमाने समजवायचा. अमरावतीकडच्या दर्यापुरात इंदुबाई चाळीस वर्षं पहाटे पाचला उठून विहिरीचं पाणी भरत होत्या. तेव्हा कुणी चौकोन दिला नव्हता.

त्यांना हवं ते तक्त्यात नव्हतंच. त्यांना दर्यापूरला, नवऱ्याकडे, हिंमतरावांकडे जायचं होतं, मनात येईल तेव्हा आणि आपलं आपण. विषय काढला की तेजस म्हणायचा, रिलीज होऊ दे, मी सोडतो. अशी चार रिलीजं झाली. एकसष्ट वर्षांच्या बाईला स्वतःच्या घरी जायला मुलाच्या सॉफ्टवेअरची परवानगी लागावी, याचा त्यांना संताप यायचा. सकारात्मक विचारांची पाच मिनिटं त्या यातच घालवायच्या.

मग त्यांनी स्वतःच एक सवय लावून घेतली. पुण्याच्या बसची त्यांना भीती वाटायची. पहिल्या दिवशी त्या स्वारगेटच्या बसने एकच स्टॉप गेल्या आणि चालत परतल्या. दुसऱ्या दिवशी दोन. पुढे नळ स्टॉप झाला, डेक्कन झालं, टिळक रस्ता आला. एका कंडक्टरने विचारलं, की आजी, स्वारगेट एकदाच का बघून टाकत नाही? इंदुबाई म्हणाल्या, तुम्ही तिकीट फाडा. दिवसा घरी कुणी नसायचं, त्यामुळे अर्ध्या तासाचे दोन तास झालेले कुणाला कळले नाहीत.

एकविसाव्या दिवशी त्या स्वारगेटला उतरल्या. पुण्यात त्या कायम तेजसच्या गाडीतून आलेल्या. एसटी म्हणजे स्वारगेट, एवढंच त्यांना ठाऊक. ताठ मानेने त्यांनी चौकशीच्या खिडकीत अमरावतीची गाडी विचारली. आतल्या गृहस्थांनी मान वर केली नाही.

"शिवाजीनगर."

इंदुबाईंनी पुन्हा विचारलं.

"विदर्भाच्या गाड्या शिवाजीनगरहून सुटतात. इथून सोडायला लागलो, की तुम्हाला कळवू."

त्या धुमसत घरी आल्या, तर तेजस नेमका लवकर येऊन बसलेला. आई तीन तास गायब, म्हणून घाबरलेला. सगळं ऐकल्यावर त्याला हसू आलं. ही त्याची चूक.

"अगं, मला सांगायचंस ना. दोन मिनिटांत ऑनलाइन तिकीट काढलं असतं."

"मले तिकीट नाई पायजे," इंदुबाई म्हणाल्या, "मले रस्ता पायजे. मी तुयी माय आहो का कैदी, ते सांग आधी."



दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुबाईंनी पिशवी भरली. तेजसने ऐन रिलीजच्या दिवशी रजा टाकली आणि पिशवी उचलून स्टॉपपर्यंत आला. बस आली. डेक्कनला उतर, मग रस्ता ओलांडून शिवाजीनगरची बस, असं तो सांगायला लागला. इंदुबाईंनी त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली.

"गप राय. मी इचारीन कोनाले."

त्या चढल्या. तेजस खालून दांडा धरून उभाच. कंडक्टरने त्याला नीट न्याहाळलं.

"तुम्हाला यायचं नसेल, तर आजींना तरी जाऊ द्या."

तेजसने दांडा सोडला.