जशूबांच्या न्हाणीघराचे नऊ इंच

मित्रांनो, खिशात बसून बसून माझा पिवळा रंग उडाला आहे आणि सुरुवातीचे आकडे पुसट झाले आहेत. तरी मला म्हातारी म्हणू नका हं! राजकोटच्या प्रभुलाल सुतारांची मी पाच मीटरची पोलादी टेप आहे, आणि आज मला अगदी राहवत नाहीये. सांगूनच टाकते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाची पट्टी रंगवली, आकडे छापले, पोटात स्प्रिंग बसवली आणि मला खोक्यात घातलं. प्रभुकाकांनी दुकानातच मला सर्रकन ओढून सोडलं. बोटाला फटका बसला तरी ते हसले आणि म्हणाले, "ही चालेल." त्याला आता बावीस वर्षं झाली. किती दारं, किती पलंग, किती देव्हारे मोजले! लोक काकांच्या हाताचं कौतुक करायचे. रंध्याला, पटाशीला तेलपाणी मिळायचं आणि मी मात्र भुशात पडलेली. राग यायचा मला.

पण खरा राग कधी यायचा सांगू? लोक फ्लॅट घ्यायचे तेव्हा मला कुणी बोलवायचंच नाही! रंगीत चित्रं बघून भुलायचे. जिना, लिफ्टसमोरची जागा, वॉचमनची खोली, सगळं त्यांच्याच घराच्या मापात धरलेलं असायचं. पुढे कपाट करायला मी जायचे, तर खोली भरायची एवढीशी. "काका, नीट मोजा ना," असं घरची बाई रडवेली होऊन म्हणायची. मी काय करणार? मला खोटं बोलता येत नाही.

मग रेराचा कायदा आला. बाहेरच्या भिंतींच्या आतली जागा किती, ते करारात लिहायचं. मंजूर नकाशा दाखवायचा आणि घेणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या घरात फेरफार करायचा नाही. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात खोट निघाली, तर बिल्डरनेच दुरुस्त करून द्यायची. काकांनी पेपरातली ती बातमी मोठ्याने वाचली, तेव्हा मी खिशात नुसती उड्या मारत होते!

आमच्या शेजारी जशूबा राहायच्या. पायांतली ताकद गेलेली, चाकांच्या खुर्चीत बसून असायच्या. भाड्याच्या घरातल्या न्हाणीघरात खुर्ची जात नसे, म्हणून सून उर्वशीबेन त्यांना उचलून न्यायची. सात वर्षं! बांना लाज वाटे, सुनेची कंबर धरे, आणि दोघी त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. नव्या फ्लॅटच्या नकाशात न्हाणीघर पाच फूट रुंद होतं. आत खुर्ची फिरली असती. त्या पाच फुटांसाठीच त्यांनी तो फ्लॅट घेतला.

ताब्याचा दिवस आला. शेजारी म्हणून काकाही गेले, आणि त्यांच्या खिशात मी. बारा एकोणचाळीसचा विजय मुहूर्त! आमच्याकडे पाण्याचा कुंभ घरात ठेवला की घर आपलं झालं. मग भिंती कोण बघतो? त्या गडबडीत बिल्डरचा माणूस हळूच कागद पुढे करतो: 'सगळं पाहून ताबा घेतला.' आणि लोक डोळे मिटून सही ठोकतात.

साइटचा इंजिनिअर हितेनभाई पेन उघडून तयारच होता. "बा, बारा पस्तीस झाले. सही करा, कुंभ ठेवा, तोंड गोड करा!"

बांच्या मांडीवर कुंभ होता. "थांब रे घाईच्या! आधी मला न्हाणी बघू दे."

खुर्ची कशीबशी आत गेली आणि अडकली. वळेचना! कुंभातलं पाणी बांच्या साडीवर सांडलं. उर्वशीबेनने सवयीने उचलायला हात पुढे केले.

"नको! हात लावू नकोस!" बा ओरडल्या. त्यांचा चेहरा साफ उतरला.

काकांनी मला बाहेर काढलं. सर्रकन मी या भिंतीपासून त्या भिंतीला भिडले. चार फूट तीन इंच. नऊ इंच गायब!

"काका, तुमच्या टेपचा हूक बघा, लटलट हलतोय," हितेनभाई म्हणाला. "भंगारात द्या तिला!"

मला! भंगारात!

"इंजिनिअरसाहेब, हूक हलायलाच हवा," काका म्हणाले. "आतून मोजा की बाहेरून, त्याची जाडी मापात येऊ नये म्हणून तो हलता ठेवतात. आणि हलतो किती? अर्धं सूत, इंचाचा सोळावा भाग! त्याने तुमचे नऊ इंच गिळले होय?"

दारातली मंडळी फिदीफिदी हसली. हितेनभाई पुटपुटला, पाइपांसाठी भिंत आत घ्यावी लागली. उर्वशीबेनने पिशवीतून नकाशा काढला. "इथे पाच फूट आहे. भिंत सरकवायला आमची संमती घेतलीत? सही दाखवा." हितेनभाई फोन घेऊन गॅलरीत सटकला.

"बा, मुहूर्त चालला!" पूजेला आलेले गोरमहाराज कळवळले.

"जाऊ दे, महाराज. मुहूर्त परत काढता येईल. आज सही केली तर मला जन्मभर उचलूनच न्यावं लागेल. कुंभ घरी न्या."

काय बाई आहे! मला तर नाचावंसं वाटलं.

उर्वशीबेनने बिल्डरला लेखी कळवलं, सोबत नकाशा आणि माझं माप. चौथ्या आठवड्यात भिंत फुटली, पाइप बाहेरून गेले. नवी भिंत उभी राहिली तेव्हा काकांनी मला तीनदा धाडलं. पाच फूट, वर एक सूत! मित्रांनो, कायदा तुमच्या बाजूने आहे, पण भिंत मोजायला तो स्वतः येत नाही. सहीआधी मला आत न्या. आणि काम झाल्यावर जरा पुसून ठेवा, एवढंच मागणं आहे.

काल जशूबा नव्या घरात आल्या. कुठलं चोघडियं होतं, शुभ की अशुभ, ते कुणी पाहिलंच नाही. खुर्ची थेट न्हाणीघरात गेली. उर्वशीबेन मागोमाग निघाली, तोच दार तिच्या तोंडावर बंद झालं. आतून कडी लागली. चाकांचा आवाज आला, पुरा एक वळसा. उर्वशीबेन बाहेर जमिनीवर बसली आणि आपल्या रिकाम्या हातांकडे बघून रडायला लागली.

"रडतेस काय गं?" आतून आवाज आला. "जा, चहा टाक. मला आज वेळ लागेल!"