हातभर पलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी वई आहे. वई म्हणजे दोन शेतांमधलं काट्याकुट्यांचं कुंपण. जुनी म्हणते खरी, पण माझ्या अंगावरचा एकही काटा वर्षापेक्षा जुना नाही. दर वैशाखात माझा मालक, हौशीराम शेतकरी, मला उपटून आपल्या राबावर जाळायचा, भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला. ज्येष्ठात नवे काटे आणून मला पुन्हा उभी करायचा. एका जागी स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नव्हतं!

वलवणला धरणाचं काम चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या एका अंगाला हौशीरामाचं खाचर, दुसऱ्या अंगाला डोंगरवाडीतल्या सावित्राबाईचा राबाचा तुकडा. तुकडा एवढासा, पण तिथं रोपं झाली तरच तिच्या घरी भात पिकायचा.

हौशीराम वाईट नव्हता, हं. मागल्या जागी माझे मोडके काटे रुतलेले असत, ते पायात भरायचे. म्हणून तो मला हातभर पलीकडे रोवायचा. पण मेला दरवेळी पलीकडेच! अलीकडे एकदाही नाही. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा, पण सांगायला तोंड कुठं होतं मला? वर येणारेजाणारे म्हणायचे, "हौशीरामाची वई बगा, कुत्रं शिरंल तर शपथ!" ते कौतुक ऐकून मी शरमेनं मरायची.

बारा वर्षं असं चाललं. मग एका ज्येष्ठात सावित्राबाई बियाणं घेऊन आली आणि जागीच थबकली. दरसाल अरुंद होत आलेल्या तिच्या राबाची भाजलेली काळी जमीन आता अर्धी हौशीरामाच्या बाजूला गेली होती.

"भाऊ, वई माज्या राबात आलीया. आता रोप कुटं टाकू?"

"कायबी बोलू नगं," हौशीराम हसला. "वई काय चालत येती व्हय?"

चालते रे बाबा, चालते! तुझ्याच हातांनी चालते!

सावित्राबाई भांडली नाही. मला वळसा घालून ती त्याच्या खाचरात शिरली. तिथं पांगाऱ्याचे पाच खुंट ओळीनं फुटले होते.

"तुमच्या आईनं अन् माज्या सासूनं मिळून रोवलेल्या मेढी हायेत ह्या. पयली वई हितं हुती. मी तवा नवी नवरी, दोर धरून हुबी हुते."

मेढ म्हणजे कुंपणाचा खांब; पांगाऱ्याची ओली मेढ रोवली की मूळ धरते. नांगराला आडवे येतात म्हणून हौशीराम ते खुंट दरसाल तोडायचा आणि ते दरसाल फुटायचे. रान समजून तो आपल्या आईच्या हातची हद्द तोडत होता.

त्यानं खुंटापासून माझ्यापर्यंत पावलं टाकली. सात भरली. हसू पार मावळलं.

"लय झालं की गं," तो म्हणाला. "माजी आई असती तर तोंडात दिली असती." मग त्यानं स्वतःच मला उपटलं आणि हद्द आखायच्या दोराचं एक टोक पुढं केलं. "धर. तुज्या हातानं वड."

मी पुन्हा पांगाऱ्याच्या ओळीवर उभी राहिले आणि त्या वर्षी सावित्राबाईचं रोप वेळेवर पडलं.

मला अजूनही दरसाल जाळतात, त्याचं दुःख नाही. पण ज्येष्ठ आला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. एकच माणूस दोर घेऊन येताना दिसला की धडकी भरते. म्हणून सांगते, मित्रांनो, मला एकट्यानं बांधू नका. दोराचं दुसरं टोक शेजाऱ्याच्या हातात द्या.