प्याल्यात उरलेलं

किल्लीवाल्याने दारू सोडून चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत तो इतका सरळ वागला होता की बघणाऱ्याला कंटाळा यावा. पहाटे उठायचं, चर्च झाडायचं, मेणबत्त्या लावायच्या, साडेसहाच्या मिस्साला, म्हणजे सकाळच्या उपासनेला, फादरांच्या हाताशी उभं राहायचं आणि मग दुकान उघडून किल्ल्या घासत बसायचं. एक किल्ली घासून होईपर्यंत पाच वेळा ‘नमो मरिये’ची प्रार्थना म्हणून व्हायची, किचकट असली तर दहा. पूर्वी या हातांना असा कंप असायचा की त्याने करून दिलेल्या किल्लीने गिऱ्हाइकाचं सोडून शेजाऱ्याचं दार उघडायचं.

सुटली कशी म्हणाल, तर एका सकाळी तो चर्चच्या पायरीवर झिंगून पडलेला सापडला. फादरांनी उपदेश केला नाही. हातात झाडू दिला आणि जिथे निजला होतास ती पायरी तरी झाड म्हणाले. त्याने झाडली. दुसऱ्या दिवशी का कोण जाणे, पुन्हा येऊन झाडली.

बायको लाँड्रीत इस्त्री करायची आणि मोजकं बोलायची. त्याच्या भक्तीबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. पुन्हा एक थेंब घेतलात तर मी बहिणीकडे जाईन आणि परत येणार नाही, एवढं तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. ती बोलेल तसं करणारी बाई होती, हे त्याला पक्कं माहीत होतं.

चर्चच्या कामात त्याचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. मिस्सासाठी द्राक्षारसाची, म्हणजे वाइनचीच, छोटी काचेची सुरई भरावी लागते. हे काम दुसऱ्या कुणाला देतो असं फादर म्हणाले होते, पण त्याला त्यात कमीपणा वाटला. त्याने आपली रीत काढली. मान फिरवायची, श्वास रोखायचा आणि मनात ‘नमो मरिये’ म्हणत ओतायचं. अर्ध्या प्रार्थनेला हवा तेवढा रस सुरईत पडायचा, की हात थांबवायचा. त्या गुरुवारी मात्र त्याचं प्रार्थनेत जरा जास्तच मन लागलं आणि तो थेट ‘आमेन’पर्यंत गेला.

फादरांना मोतीबिंदू. त्यांनी नेहमीप्रमाणे सुरई प्याल्यात पालथी केली. एकदा वेदीवर प्रार्थना झाली की तो द्राक्षारस राहत नाही, प्रभूचं रक्त होतं. ते मोरीत ओतता येत नाही, कुणीतरी प्यायलाच हवं. रोज फादरच संपवायचे. त्या दिवशी त्यांनी एक घोट घेतला, हजर असलेल्या चार म्हाताऱ्यांना प्रसादाची भाकर दिली, उरलेलं घ्यायला वेदीकडे वळले आणि तिथेच कोसळले.

चौघींपैकी एक निवृत्त नर्स होती. साखर उतरली आहे, घाबरू नका, असं तिने सांगितलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. ती फादरांबरोबर बसली. उरलेल्या तिघींना घरी बसून वाट बघणं जमण्यासारखं नव्हतं, त्या टॅक्सी करून मागोमाग गेल्या. स्ट्रेचरवरून फादर किल्लीवाल्याला पुटपुटले, “प्याला तसाच ठेवू नकोस.” आपण हे कुणाला सांगतोय ते त्यांच्या नंतर लक्षात आलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

चर्चमध्ये आता किल्लीवाला होता आणि पाऊण भरलेला प्याला होता. त्याने पलीकडच्या चर्चला फोन केला. तिथले फादर गावाला गेलेले, संध्याकाळी येणार होते. प्याला पवित्र कपाटात ठेवावा, तर किल्ली फादरांच्या खिशात. ते कुलूप तारेने उघडायला त्याला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण देवाच्या घरी घरफोडी करायला हात धजेना. प्याल्यावर फडकं झाकून तो पहिल्या बाकावर बसला. वास फडक्याला जुमानत नव्हता.

मग डोक्यात वकिली सुरू झाली. ही दारू नाहीच मुळी. फादरांनी स्वतः सांगितलंय. हे तर कर्तव्य आहे. वीस वर्षं त्याने निमित्तं शोधली होती, त्यातला तो जाणकार होता, आणि इतकं उत्तम निमित्त त्याला जन्मात मिळालं नव्हतं. प्रभूवर त्याचा पूर्ण विश्वास होता, पण स्वतःच्या जिभेवर कवडीचा नव्हता. हात फडक्याकडे जायला लागला तेव्हा तो भ्याला आणि त्याने बायकोला फोन लावला.

ती इस्त्री बंद करून आली. आल्याआल्या तिने त्याचं तोंड हुंगलं. कसलाच वास आला नाही, तेव्हा काय झालं ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं, ‘आमेन’सकट.

“प्यायच्या आधी फोन केलात,” ती म्हणाली. “असं कधी केलं नव्हतंत.”

“नव्हतं.”

तिने पदराला हात पुसले, वेदीपुढे गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली आणि प्याला दोन्ही हातांनी उचलला. उभ्या आयुष्यात तिने या चवीला ओठ लावला नव्हता. चार घोटांत तिने तो रिकामा केला.

“आता थोडं पाणी घालून विसळायचं,” तो म्हणाला, “आणि तेही प्यायचं.”

“तेही?”

“तेही.”

ती तेही प्यायली. मग भिंतीचा आधार घेत बाकावर येऊन बसली. त्याच्याकडे न बघता ती बोलली.

“हे तर आंबट आहे.”

“हो.”

“घशाला चरचरतं.”

“ते तर साधं. मी प्यायचो ते याहून वाईट लागायचं.”

“मला वीस वर्षं वाटायचं,” ती म्हणाली, “तुम्हाला ते माझ्यापेक्षा गोड लागतं.”

किल्लीवाल्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. कधीच नाही, असं त्याने तिला सांगितलं, एकदाही नाही. तिने मान हलवली. मग लाँड्रीत सोडाल का म्हणून विचारलं, कारण तिला रस्ता सरळ दिसत नव्हता. त्याने तिचा दंड धरला आणि दोघं सावकाश पायऱ्या उतरले.