दोन टबांचा बाबा

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मध्ये धुपाचा लोट, दोन टब आणि बाबा. जाळी विणणाऱ्या विधवेचे हात तिच्या सख्ख्या दिराने पहिल्या टबात दाबून धरले होते. टबातला मासा आधी डोलला, मग कुशीवर पडला, मग निपचित झाला.

“हिच्या हातानं मेला,” बाबा म्हणाला. “मासळी का आटली, बघून घ्या.” त्याने तो मासा दुसऱ्या टबात सोडला आणि डोळे मिटून पुटपुटू लागला. चार-पाच मिनिटांनी माशाने शेपूट मारली. लोकांचे हात आपसूक जोडले गेले. मंत्राला एवढा वेळ का लागतो, हे एकाच्याही डोक्यात आले नाही.

दिराने वल्हे उचलून वहिनीच्या मनगटावर घातले. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. कोणीतरी तिचे केस धरून तिला पाण्याकडे ओढू लागले.

मोजणीबाई गर्दीत घुसली. मासे पकडायचे, मोजायचे, खूण अडकवून परत सोडायचे आणि समुद्रात कुठली मासळी किती उरली ते सांगायचे, ही तिची बावीस वर्षांची नोकरी. बारीक जाळी पिल्लंसुद्धा ओढून नेतात, म्हणून मासळी आटते, हे सांगून तिचा घसा बसला होता. ते ऐकायला धक्क्यावर चार माणसेही जमली नव्हती.

कोणाचे तरी कोपर लागून तिचा ओठ फाटला. ती टबाशी वाकली आणि धुपाखालून लवंगेचा वास आला. तिने दाढीमागचा चेहरा नीट पाहिला. हा दोन हंगाम तिच्याच बोटीवर कामाला होता. तिनेच त्याला कौतुकाने सगळे शिकवले होते. तिला स्वतःची लाज वाटली.

“दादा, टबात कोणी हात घालू नका. एक मासा नुसता सोडा,” ती दिराला म्हणाली.

“बाई, तुम्ही मधे पडू नका.” वल्हे तिच्या खांद्यावर बसले. पडल्या पडल्याच तिने बाबाच्या माशांच्या बादलीतला एक मासा पहिल्या टबात लोटला. कोणाचा हात लागला नाही, तरी तो कुशीवर पडला.

“हिची नजर लागली,” बाबा विधवेकडे बोट करून घाईने म्हणाला.

मोजणीबाईने समुद्रातून दुसरी बादली भरून घेतली, तिच्यात नवा मासा सोडला आणि विधवेचा धड हात त्यात ठेवला. मासा तिच्या बोटांभोवती फिरत राहिला.

“पहिल्या टबात लवंगेचं तेल आहे. मासा गुंगतो, मरत नाही. दुसऱ्यात साधं पाणी, त्यात शुद्धीवर येतो. खूण अडकवताना आम्ही रोज हेच करतो.”

दिराचे तेच वल्हे आता बाबाच्या डोक्यात बसले. रक्त दाढीत उतरले. दुसरा घाव पडण्याआधी मोजणीबाई मध्ये उभी राहिली.

“याला पोलीस नेतील, साक्षीला मी येईन. पण मघाशी तुमची खात्री होती की दोष हिचा आहे. आता खात्री आहे की याचा. खात्री करण्याआधी करून बघत जा, दादा. आणि खात्री झाली तरी मारू नका.”

दिराने वल्हे टाकले आणि तो वहिनीपुढे बसला. “वहिनी, तू काहीच बोलली का नाहीस?”

“काय बोलू?” ती म्हणाली. “मलाही वाटलं, माझ्याच हातानं मरतायत.”